गिटारच्या बॉडीतलं भोक मोठं करायचंय? ड्रिल मशीन जरा बाजूला ठेवा

बऱ्याच जणांनी कळवलं होतं की भाग ऐकायला मजा येते, पण मापं लक्षात राहत नाहीत. बसमध्ये ऐकताना कोण लिहून घेणार? म्हणून आजचा भाग पूर्ण लिहून काढलाय. बोलल्यासारखाच ठेवलाय, फक्त माझं 'म्हणजे, म्हणजे' आणि मागे वाजलेल्या कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या गाळल्यात.

आजचा विषय ऐकायला छोटा आहे. लाकडी गिटारच्या बॉडीत आधीच एक भोक आहे, ते थोडंसं मोठं करायचंय. एवढंच. पण हे 'एवढंच' करताना किती गिटारींच्या तोंडावर कायमचा डाग पडलाय, ते रिपेअर करणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा. भोकाच्या कडेची ढलपी निघते, नाहीतर वरच्या चकचकीत पॉलिशचा टवका उडतो. आणि काढलेलं लाकूड परत येत नाही.

विषय आला कुठून?

सोलापूरहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. नाव सांगत नाही, त्यालाही ते आवडणार नाही. पोरगा कॉलेजला आहे, शनिवार-रविवारी एका छोट्या ऑर्केस्ट्रात वाजवतो, लग्नं, वाढदिवस, गणपती असं सगळं. गिटार एकच आहे, सेकंड हँड घेतलेली, लेस पॉल आकाराची, चार नॉबवाली. नॉब फिरवला की स्पीकरमधून खरखर यायची, म्हणून त्याने ऑनलाइन चार नवे पोटेन्शिओमीटर मागवले. आपण त्यांना पॉट म्हणू, सगळे तेच म्हणतात. पॉट आले आणि गिटारच्या भोकात जाईनात. पुढचा कार्यक्रम आठ दिवसांवर. शेजारचा एक जण म्हणाला, "आण इकडे, दहाची बिट मारून देतो, दोन मिनिटांचं काम आहे."

मेसेजच्या शेवटी त्याने विचारलं होतं, "दादा, दोन मिनिटांचं काम आहे का खरंच?"

मी त्याला लगेच फोन केला आणि पहिलं वाक्य म्हणालो, "अरे, आधी त्या माणसाला थांबव." मग आम्ही पाऊण तास बोललो. त्या बोलण्यातलं सगळं, थोडं सविस्तर करून, खाली देतोय.

पॉट भोकात का जात नाही?

पॉटला वरच्या बाजूला आटे असलेली एक नळी असते. तीच गिटारच्या भोकातून बाहेर येते आणि तिच्यावर नट बसतो. आशियात बनलेल्या बऱ्याचशा गिटारींमध्ये ही नळी मिलिमीटरच्या मापात असते, ७ किंवा ८ मिलिमीटर. भोकही तेवढंच, किंवा केसभर मोठं. अमेरिकन मापाचे जे पॉट मिळतात, उदाहरणार्थ सीटीएसचे, त्यांची नळी तीन अष्टमांश इंचाची असते. म्हणजे ९.५ मिलिमीटर. आता ८ च्या भोकात ९.५ ची नळी कशी जाणार?

आणि जाताजाता अजून एक गोष्ट, जी नंतर कळली की चिडचिड होते. पॉटच्या दांडीवर ज्या बारीक खाचा असतात, त्याही दोन मापांत वेगळ्या असतात. मिलिमीटरवाल्या पॉटला साधारण १८ खाचा, इंचवाल्याला २४. म्हणजे भोक मोठं करून पॉट बसवला तरी जुना नॉब त्यावर नीट बसेलच असं नाही. तिसरी गोष्ट नळीच्या लांबीची. लेस पॉलसारख्या गिटारीत पॉट थेट लाकडातून वर येतो, प्लॅस्टिकच्या प्लेटमधून नाही. लाकूड जाड असेल आणि नळी आखूड असेल, तर नटाला पकडायला आटेच उरत नाहीत. भोक कितीही सुंदर करा, उपयोग शून्य. म्हणून हत्यार हातात घेण्याआधी लाकडाची जाडी आणि नळीची लांबी, दोन्ही मोजा.

मुळात भोक मोठं करायलाच हवं का?

हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. लोकांना वाटतं मी टाळतोय. पण नीट बघा. पॉट खरखरतो म्हणजे तो मेलाच असं नसतं. पुष्कळदा आतल्या पट्टीवर धूळ आणि काजळी बसलेली असते. गिटारची केबल काढा, मागचं झाकण उघडा, पॉटच्या पायांजवळ जी फट असते तिच्यात कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवा. सुकू द्या. मग वाजवून बघा.

आमच्या सोलापूरच्या मित्राने हे त्याच रात्री केलं. चारपैकी दोन पॉट स्वच्छ झाले. तिसऱ्याची दांडी वाकलेली होती आणि चौथा एका जागी आल्यावर आवाजच बंद करायचा. म्हणजे बदलायचे फक्त दोन. चार भोकांचा धोका दोनांवर आला, तोही एका फवाऱ्यात.

दुसरा पर्याय म्हणजे जुन्याच मापाचा चांगला पॉट शोधणं. हमबकर पिकअप असतील तर सहसा ५०० के, सिंगल कॉइल असतील तर २५० के किमतीचा पॉट लागतो, आणि या किमती मिलिमीटरवाल्या पॉटमध्येही मिळतात. तसा मिळाला तर लाकडाला हात लावायची गरजच नाही. याच्याकडे मात्र वेळ नव्हता, आणि आलेले पॉट परत जाणारे नव्हते. म्हणून मग दोन भोकं मोठी करायची असं ठरलं.

एका एटीएम कार्डाएवढं लाकूड

आता हिशोब बघा. नळी ९.५ ची आहे, भोक थोडं सैल हवं, म्हणून ९.७ च्या आसपास धरू. आत्ता ते ८ आहे. फरक १.७ मिलिमीटर. पण हा व्यासातला फरक झाला. म्हणजे चहूबाजूंनी काढायचंय फक्त ०.८५ मिलिमीटर. तुमच्या पाकिटातलं एटीएम कार्ड असतं ना, त्याची जाडी ०.७६ मिलिमीटर. म्हणजे एका कार्डाच्या जाडीपेक्षा जेमतेम जास्त लाकूड काढायचंय. एवढ्यासाठी दणादण फिरणारी मोटर लावायची की हाताने सावकाश खरवडायचं, हे तुम्हीच सांगा.

साधी ड्रिल बिट इथे का बिघडवते?

कोऱ्या लाकडात भोक पाडताना बिटचं मधलं टोक आधी लाकडात रुततं. ते टोक दोन कामं करतं. एक, बिटला जागेवर धरून ठेवतं. दोन, बिटला एकदम आत घुसू देत नाही, कारण मधलं लाकूड विरोध करत असतं.

आता भोक आधीच आहे. मध्ये लाकूडच नाही. टोक हवेत. बिटच्या फक्त बाहेरच्या दोन कडा लाकडाला लागतात. बिटवर जो पिळा असतो, तो स्क्रूसारखा वागतो आणि बिटला खाली ओढतो. अडवणारं मध्ये कोणी नाही, म्हणून बिट झटका देऊन आत घुसते. तुम्ही कितीही घट्ट धरा, त्या क्षणी तिच्या कडांनी वरचं पॉलिश आणि त्याखालचे लाकडाचे धागे उचलून घेतलेले असतात. शिवाय मधला आधार नसल्यामुळे बिट थरथरते, आणि भोक गोल व्हायच्या ऐवजी तिकोनी-बिकोनी होतं.

मध्ये अणकुची असलेल्या लाकडी बिटचं, किंवा चपट्या फ्लॅट बिटचंही तेच. त्यांना तर मधल्या टोकाशिवाय चालताच येत नाही.

दुसरी बाजू लाकडाची. सुताराला रंधा मारताना बघितलं असेल तर आठवा. रेषेच्या दिशेने रंधा मारला की लांबच लांब गुळगुळीत साल निघते. उलट्या दिशेने मारला की ढलप्या उपटल्या जातात. गोल भोकात धार सगळ्या दिशांनी फिरते. म्हणजे वर्तुळात काही जागा अशा येणारच की जिथे धार धाग्यांच्या उलट चाललीय. ढलपी तिथेच निघते. आणि बिट ज्या बाजूने बाहेर पडते, तिथल्या शेवटच्या थराला मागून आधार नसतो. तो कापला जात नाही, ढकलला जातो आणि फाटतो.

त्यावर पॉलिश. हल्लीच्या बऱ्याच गिटारींवर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा जाड थर असतो. कडक असतो, चमकतो छान, पण कडेला ठिसूळ. खालचं लाकूड जरा हललं की पापुद्रा सुटतो.

मग काय वापरायचं? निमुळता रीमर

मी सगळ्यात आधी हाताचा निमुळता रीमर सुचवतो. टी आकाराची मूठ, खाली गाजरासारखा निमुळता दांडा आणि त्यावर उभ्या धारा. हार्डवेअरच्या दुकानात 'टेपर रीमर' म्हणून मागा. मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीटला नक्की मिळेल. साधारण ३ पासून १३ मिलिमीटरपर्यंत जाणारा घ्या, आपलं माप त्यात आरामात येतं.

हे हत्यार वाद्यांच्या दुनियेला नवीन नाही. तंबोऱ्याची खुंटी कधी बाहेर काढलेली बघितलीय? ती एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असते, आणि तिचं भोकही तसंच निमुळतं असावं लागतं. तरच खुंटी घर्षणावर घट्ट बसते. व्हायोलिनच्या खुंट्याही तशाच. अकूस्टिक गिटारच्या ब्रिजवर तारा अडकवायच्या ज्या पिना असतात, त्याही निमुळत्या. आपली मिरज सतार-तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे, २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे 'भोक हळूहळू घासून मापाला आणायचं' ही गोष्ट वाद्यांच्या कामात मुरलेली आहे. आपण ती फक्त पॉटसाठी वापरतोय.

रीमर चांगला का? कारण त्याचा निमुळता दांडा जुन्या भोकात आपोआप मध्यावर बसतो. तो स्क्रूसारखा स्वतःला आत ओढत नाही. आणि वेग तुमच्या मनगटाचा असतो, मोटरचा नाही. काही बिघडतंय असं वाटलं की अर्ध्या फेऱ्यात थांबता येतं.

आता कृती, क्रमाने

पहिलं: मागचं झाकण उघडल्यावर वायरिंगचा फोटो काढा. एक नाही, चार-पाच काढा, वेगवेगळ्या कोनांतून. मग तारा, नॉब, नट काढा आणि पॉट सोडवून बाजूला घ्या. पिकअपवर टेप चिकटवून टाका. त्यांच्यात चुंबक असतं, हत्यारांचा लोखंडी कीस तिथे जाऊन बसतो.

दुसरं: सराव. प्लायवूडचा तुकडा घ्या, त्यात ८ चं भोक पाडा आणि पुढची सगळी कृती आधी त्यावर करा. हे वगळू नका. हाताला दाब किती द्यायचा ते ऐकून कळत नाही, करूनच कळतं.

तिसरं: गिटार जाड टॉवेलवर ठेवा, हलणार नाही अशी. भोकाभोवती मास्किंग टेप लावा आणि भोकावरचा टेप ब्लेडने कापून काढा. एक गैरसमज इथेच काढतो. टेप लावला म्हणजे टवका उडणारच नाही, असं नसतं. टेप ओरखडे वाचवतो आणि कडेला थोडासा आधार देतो. खरं काम पुढच्या पायरीत आहे.

चौथं: पॉलिशची कड आधी मोकळी करा. २२० नंबरच्या पॉलिश पेपरची छोटी सुरळी करून भोकात टेकवा आणि हाताने गोल फिरवा. कडेला बारीक उतार तयार होईल. सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे, कारण आता रीमरची धार पॉलिशच्या धारदार कडेला खालून उचलत नाही, ती उतारावरून लाकडात शिरते. उतार बाहेर फार पसरू देऊ नका. वर वॉशर बसणार आहे, त्याच्या आत राहिला की झालं.

पाचवं: व्हर्नियरने रीमरवर ९.५ चं माप जिथे येतं तिथे टेपची पट्टी गुंडाळा. ही तुमची थांबायची खूण. मग रीमर वरून भोकात उभा धरा. उभा म्हणजे अगदी काटकोनात. सुताराचा छोटा गुण्या असेल तर शेजारी उभा करा, नाहीतर कोणालातरी बाजूने बघायला सांगा. घड्याळाच्या दिशेने अर्धा फेरा, हलका दाब. बाहेर काढा, भुसा झटका. परत अर्धा फेरा. रीमर अडकला तर जोर लावू नका. दाब कमी करून फिरवा.

सहावं: दोन्ही बाजूंनी काम करा. यामागे छोटं गणित आहे. समजा तुमचा रीमर १०० मिलिमीटर लांबीत ३ पासून १३ पर्यंत जाडा होतो. म्हणजे दर १० मिलिमीटरला १ मिलिमीटर. लाकूड ७ मिलिमीटर जाड असेल, तर वरचं तोंड ९.७ झालं तेव्हा खालचं ९ च असतं. तसंच ओढत राहिलात तर खाली माप येईपर्यंत वर भोक १०.४ होऊन बसेल. म्हणून वरून खुणेपर्यंत या, मग गिटार उलटी करून आतल्या पोकळीतून रीमर घाला आणि तिथूनही खुणेपर्यंत या. मधला भाग डमरूसारखा थोडा अरुंद राहील. पाव-अर्धा मिलिमीटर, जास्त नाही.

सातवं: तो मधला भाग काढायला ८ मिलिमीटरची गोल लाकडी दांडी घ्या, तिच्यावर पॉलिश पेपर गुंडाळा आणि फिरवत घासा. गोल कानस वापरली तरी चालते, पण कानस पुढे ढकलताना कापते, हे लक्षात ठेवा. म्हणून ती नेहमी दर्शनी बाजूकडून आत ढकलायची. आतून बाहेर ढकललीत तर पॉलिश बाहेरच्या बाजूला उचकटणार.

आठवं: दर थोड्या वेळाने पॉट घालून बघा. तो बोटाच्या दाबाने आत गेला पाहिजे. 'आता जवळजवळ बसतोय' म्हणून आट्यांवर फिरवून घुसवू नका. आटे पाचरीसारखे काम करतात आणि पॉलिशला भोकापासून बाहेरच्या दिशेने तडा जातो. असा तडा आज केसासारखा दिसतो, सहा महिन्यांनी बोटभर होतो.

शेवटी टेप काढताना भोकाकडून बाहेर ओढू नका. बाहेरच्या टोकापासून भोकाकडे सावकाश सोलत या.

सोलापूरच्या मित्राने हे दोन भोकांसाठी केलं. पहिल्याला जवळपास अर्धा तास लागला, दुसऱ्याला पंधरा मिनिटं. म्हणजे शेजारच्या माणसाच्या दोन मिनिटांपेक्षा बराच जास्त वेळ. पण फोटो पाठवला तेव्हा भोकाच्या कडेला मला एकही टवका दिसला नाही. त्याने विचारलं, "दादा, एवढं हळू करायचं असतं का?" म्हटलं, "गिटार एकच असेल तर, हो."

रीमर नसेल तर?

स्टेप ड्रिल हा दुसरा चांगला पर्याय. पायऱ्या-पायऱ्यांचा शंकू असतो तो. प्रत्येक पायरी आधीच्या भोकात मध्यावर बसते, त्यामुळे बिट भरकटत नाही, आणि साध्या बिटसारखी ओढली जात नाही. पण दोन अटी. एक, हव्या त्या पायरीवर टेपची खूण करा, कारण एक पायरी जास्त गेली की संपलं. दोन, पायरीची उंची काही मिलिमीटरच असते. लाकूड त्याहून जाड असेल तर इथेही दोन्ही बाजूंनी काम करावं लागतं. मशीन हळू चालवा, आणि पॉलिशवरचा उतार आधी हाताने करून घ्या.

साध्या बिटशिवाय दुसरं काहीच नसेल, तर बिट मशीनला लावू नका. चिमट्यासारख्या हँडलमध्ये किंवा जाड कापडात धरून हातानेच फिरवा. मशीन लावायचीच वेळ आली, तर सुरुवात उलट्या फेऱ्यांनी करा. उलट फिरताना बिट कापत नाही, घासते, आणि पॉलिशमधून सावकाश खाली उतरते. मात्र दाब देऊ नका, घर्षणाने पॉलिश तापून मऊ पडतं. त्यानंतरही सुलट फेरे देताना मागे लाकडाचा तुकडा शिकंज्याने घट्ट आवळलेला हवा, म्हणजे शेवटच्या थराला आधार मिळतो.

आणि मशीन चालवताना डोळ्यांवर गॉगल हवाच. कानात वायरचे इअरफोन नकोत. आमचा भाग नंतर ऐका! लोंबती वायर चकमध्ये अडकली की काय होतं, ते सांगायची गरज नाही.

भोक खूपच मोठं करायचं असेल तर

एखाद-दोन मिलिमीटरच्या पुढे जायचं असेल, किंवा लाकूड जाड असेल, तर रीमरचा निमुळतेपणाच अडचण होतो. तिथे एक जुनी सुतारी युक्ती कामाला येते. भोक आधी बुजवायचं आणि मग नव्याने पाडायचं. मापाची गोल लाकडी दांडी, म्हणजे डॉवेल, लाकडाच्या गोंदाने भोकात बसवा. एक दिवस वाळू द्या. धारदार पटाशीने वरचा भाग सपाट करा. टोच्याने बरोबर मध्यावर खूण करा. आता अणकुचीवाल्या लाकडी बिटला मधलं टोक टेकवायला जागा मिळाली. या बिटच्या बाहेरच्या कडा आधी वर्तुळ कापतात आणि मग आतलं लाकूड काढतात, म्हणून कड स्वच्छ येते. नवं भोक जुन्यापेक्षा मोठं असल्यामुळे सगळा डॉवेल भुशात जातो, मागे काही दिसत नाही. मागून लाकडाचा आधार इथेही हवाच.

अकूस्टिक गिटारमध्ये पिकअप बसवणाऱ्यांना हे विशेष सांगतो. पट्टा अडकवायच्या बटणाच्या जागी जॅक बसवायचा, तर बहुतेक जॅकना १२ मिलिमीटरचं भोक लागतं, काहींना अर्धा इंच म्हणजे १२.७. जॅकसोबतच्या कागदावर माप असतं, ते आधी वाचा. तिथे बाजूच्या पातळ लाकडामागे एक जाड ठोकळा असतो. समजा तो २० मिलिमीटर आहे. मघाचंच गणित लावा. बाहेरचं तोंड १२ झालं तेव्हा आतलं १० च राहतं. आतून रीमर घालायला जागा नाही. पेटीच्या भोकातून जेमतेम हात जातो. म्हणजे बुजवून नव्याने पाडणं हाच मार्ग, तोही वक्र पृष्ठभागावर, हाताने सरळ रेषेत. हे काम पहिल्यांदाच करत असाल तर मी नका करू असंच म्हणेन. वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. फक्त त्याला विचारा, "कशाने करणार?" त्याने रीमर किंवा डॉवेल यातलं काही म्हटलं तर निर्धास्त सोडा. नुसतं "ड्रिल मारतो" म्हणाला तर गिटार उचला आणि नमस्कार करून निघा.

एवढं करूनही टवका उडालाच तर

उडालेला तुकडा फेकू नका. झाडू मारण्याआधी शोधा. तो बरोबर त्याच खळग्यात बसणारा एकमेव तुकडा आहे. टूथपिकच्या टोकावर सुपर ग्लूचा अगदी छोटा थेंब घेऊन तो जागेवर बसवा आणि न हलवता वाळू द्या. नायट्रोसेल्युलोज पॉलिशच्या जुन्या गिटारवर मात्र सुपर ग्लू जपून, बाहेर सांडला तर तो पॉलिशच खराब करतो. आणि फार मनाला लावून घेऊ नका. भोकाच्या कडेचा एखाद-दुसरा मिलिमीटर वॉशरखाली जातो आणि त्यावर नॉब बसतो. तो झाकला जाईल. वॉशरच्या बाहेर गेलेला तडा मात्र झाकत नाही, म्हणून वर ज्या ज्या ठिकाणी 'थांबा' म्हटलंय तिथे खरंच थांबा.

तर मंडळी, आज इतकंच. तुमच्याकडे जी गिटार आहे तिची भोकं आणि नव्या पार्टची मापं व्हर्नियरने मोजा आणि कमेंटमध्ये टाका. कुठलं हत्यार लागेल ते मी सांगतो. पार्ट मागवायच्या आधी मोजलंत तर कदाचित हत्यार लागणारच नाही. पुढच्या भागात पॉटची वायरिंग, सोल्डरिंग करताना पॉट न जाळता कसं करायचं, ते बघू. तोपर्यंत वाजवत राहा!